स्प्रिंग ट्रेनिंगसाठी घरमालक दीड महिना घर रिकामं मागतायत (मेसा, ॲरिझोना)

पालोव्हर्डे

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगितलं की सगळे "मग दुसरं घर बघा" म्हणून मोकळे होतात.

आम्ही तिघं मेसात भाड्याने राहतो: मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. घर डॉब्सन रोडजवळ आहे, १०१ आणि २०२ हे महामार्ग भेटतात त्याच्या अलीकडे. तीन बेडरूम, मागे एवढासा पोहायचा पूल आणि एक संत्र्याचं झाड. भाडं २,२५० डॉलर. चार वर्षांत एकदाही थकवलेलं नाही. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचं स्लोन पार्क स्टेडियम घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर आहे, आणि सगळं दुखणं त्या पंचवीस मिनिटांचंच आहे.

करार ३१ जानेवारीला संपतो. दरवर्षी या सुमारास घरमालकांची ईमेल येते, आम्ही सही करून पाठवतो, विषय मिटतो. या वेळी फोन आला. "१४ फेब्रुवारीपर्यंत राहा. मग ३१ मार्चपर्यंत घर मला द्या. १ एप्रिलला परत या, साडेदहा महिन्यांचा नवा करार करू. यापुढे दरवर्षी असंच." कपडे, भांडी, पुस्तकं गॅरेजमध्ये टाकून कुलूप लावायचं. सोफा, पलंग, जेवणाचं टेबल तसंच राहू द्यायचं, सामने बघायला आठवड्याच्या भाड्याने येणाऱ्या पाहुण्यांना लागेल. त्याचे वेगळे ३०० डॉलर देणार. माणूस वाईट नाही हो. नळ गळाला तर त्याच दिवशी प्लंबर पाठवणारा आहे. म्हणूनच जास्त लागलं.

फोन ठेवून मी उगाच घरभर फिरत राहिले. लेकीच्या खोलीत छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या आहेत. तिने आणि तिच्या बाबाने स्टुलावर चढून, पुस्तकात बघून बघून लावल्यात. सप्तर्षी अगदी बरोबर जमलेत. त्या चांदण्यांखाली आता दर आठवड्याला नवी माणसं झोपणार. आणि देवघर कुठे हलवू? गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी?

जे अमेरिकेत नाहीत त्यांच्यासाठी: मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ मोसम सुरू व्हायच्या आधी उबदार हवेत सरावाला येतात, तेच स्प्रिंग ट्रेनिंग. १५ फ्लोरिडात, १५ आमच्याकडे. आमच्याकडच्या या सगळ्याला कॅक्टस लीग म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) येतात, मागोमाग बाकीचे, आणि महिनाअखेरीपासून मार्च सरत येईपर्यंत रोज सामने. पंधराच्या पंधरा संघ फिनिक्सच्या आसपासच दहा स्टेडियममध्ये असतात, त्यामुळे माणूस दुपारी एक आणि रात्री दुसरा सामना बघू शकतो. शिकागोत बर्फ साचलेला असताना इथे अर्ध्या बाहीचा शर्ट पुरतो, मग लोक का नाही येणार? मी एका दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते. मार्चमध्ये आमच्या फोनवर निम्मे आवाज इलिनॉय आणि विस्कॉन्सिनचे असतात. कुणाच्या दाताची कॅप निघालेली, कुणाचा दात स्टेडियममधल्या शेंगदाण्यावर तुटलेला.

आणि मला हे सगळं आवडतं, हे आधीच सांगते. फेब्रुवारीत सामने सुरू व्हायच्या आधी सरावाची मैदानं सकाळी बघायला मिळतात. कुंपणाला नाक लावून उभं राहायचं. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडला की असा आवाज येतो, जणू कुणी जाड पुस्तक एका फटक्यात मिटलं. गेल्या वर्षी एका कोवळ्या पोराने, एकोणीस-वीसचा असेल, लेकीला चेंडूवर सही करून दिली आणि स्पॅनिशमध्ये तिचं नाव दोनदा विचारून नीट लिहिलं. तो चेंडू ती उशाशी घेऊन झोपते.

शेजारच्या आजी १९७० पासून याच गल्लीत आहेत. त्या सांगतात की कब्ज फ्लोरिडातल्या नेपल्सला जायच्या गोष्टी करत होते, तेव्हा २०१० साली मेसाच्या मतदारांनी नव्या स्टेडियमच्या खर्चाला हो म्हटलं. आजींनीही हो म्हटलं. "मुलांना काम मिळेल, शहरात पैसा येईल" असं त्यांना वाटलं, आणि ते काही खोटं ठरलेलं नाही. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या गल्लीतली चार घरं आठवड्याच्या भाड्यावर गेली. एप्रिल ते जानेवारी त्यांच्या खिडक्यांत फारसा दिवा दिसत नाही. लेकीची जिवलग मैत्रीण त्यातल्याच एका घरात राहायची. ते लोक आता क्वीन क्रीकला गेलेत, गाडीने चाळीस मिनिटं.

तर विचारायचं ते असं. हे असं मागणं कायद्यात बसतं का? सही केली तर सामानाची जबाबदारी कुणाची? नाही केली तर फेब्रुवारीत, जेव्हा फिनिक्सच्या सगळ्या खोऱ्यात घरं सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी असतात, तेव्हा आम्ही कुठे जायचं? आणि स्प्रिंग ट्रेनिंगच्या गावांत जास्त वर्षं राहिलेलं कुणी आहे का? तुमच्याकडे काय झालं?

जुना_वाळवंटी

ताई, मी फिनिक्सच्या खोऱ्यात बावीस वर्षं आहे. स्कॉट्सडेलमध्ये जायंट्स संघाच्या स्टेडियमपासून जवळ माझं एक घर आहे, भाड्याने देतो. तुमच्या घरमालकांच्या डोक्यात जे शिरलंय ते माझ्याही शिरलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी कायदा. मुदतीचा करार संपला की तो पुढे चालू ठेवायची सक्ती घरमालकावर नाही. भाड्यावर कमाल मर्यादा घालायची शहरांना राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे मेसा नगरपालिकेकडे जाऊन उपयोग नाही. थोड्या दिवसांच्या भाड्याचंही तसंच. २०१६ च्या कायद्याने शहरांचे हात बांधले गेले, बंदी घालता येत नाही. २०२२ मध्ये ती गाठ थोडी सैल झाली: शहरं आता परवाना मागू शकतात, शेजाऱ्यांना संपर्काचा नंबर द्यायला लावू शकतात, वारंवार गोंधळ झाला तर दंड करू शकतात. म्हणजे मागणं बेकायदेशीर नाही. पण १४ फेब्रुवारीला तुमचा करार संपला की त्या घरावर तुमचा हक्कही संपतो. १ एप्रिलला परत घ्यायचं वचन आत्ताच कागदावर आणि दोघांच्या सहीने नसेल, तर ते फक्त बोलणं आहे. गॅरेजमधल्या सामानाचंही तेच. तुमचा भाडेकरूचा विमा, तुम्ही तिथे राहतच नसताना, ते सामान धरेल का हे कंपनीला लेखी विचारा. माझं मत विचाराल तर या अटीवर सही करू नका.

आता हिशेब, आणि हाच तुमच्या कामाचा आहे. मी २०१९ च्या मार्चमध्ये घर आठवड्याच्या भाड्यावर दिलं. २३ रात्री भरल्या, रात्रीला २८० डॉलर, म्हणजे ६,४४०. ऐकायला झकास. त्यातून वेबसाइटचा वाटा, दोन पाहुण्यांमधली सफाई, चादरी-टॉवेल, पूलवाला, वीज, इंटरनेट आणि एक फुटलेलं काचेचं दार असे साधारण १,७०० गेले. हातात राहिले ४,७४०. तुमच्या घरमालकांनी हुबेहूब एवढेच मिळवले असं धरा. त्या दीड महिन्यात तुमचं भाडं आलं असतं ३,३७५. फरक राहतो १,३६५ डॉलरचा. त्यातून तुमच्या फर्निचरचे ३०० द्यायचेत. आणि तीस दिवसांच्या आतल्या भाड्यावर विक्रीकर आणि मुक्कामाचा कर लागतो. तुमच्यासारख्या कायमच्या भाडेकरूच्या भाड्यावरचा शहराचा कर मात्र १ जानेवारी २०२५ पासून गेलाय. तुम्ही कंटाळून निघून गेलात आणि एप्रिलमध्ये घर एक महिना जरी रिकामं राहिलं तरी २,२५० गेले, वर नवा भाडेकरू शोधण्याची दगदग. हे त्यांनी मांडून बघितलंय का, विचारा. रागाने नको, कागद समोर ठेवून.

माझं २०२० चं सांगतो. मार्चचे तीन आठवडे आधीच ठरलेले होते. १२ मार्चला करोनामुळे लीगने स्प्रिंग ट्रेनिंग थांबवलं आणि दोन दिवसांत तिन्ही पार्ट्यांनी पैसे परत मागितले. घर सजवून रिकामं. २०२१ मध्ये स्टेडियममध्ये मोजकेच प्रेक्षक सोडत होते. २०२२ मध्ये लॉकआऊटमुळे, म्हणजे मालकांनी खेळाडूंना कामच बंद केल्यामुळे, सामने मार्चच्या मध्यापर्यंत लांबले. लागोपाठ तीन वर्षं खेळाने दगा दिला, आधी करोना आणि मग खेळाडूंचा आणि मालकांचा वाद माझ्या हप्त्यावर आला. तेव्हापासून माझ्या घरात एक नर्स आणि तिची आई राहतात, बारा महिने. मला रात्री झोप लागते.

शेवटचं, आणि हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं. करार कधी संपतो ती तारीख बदला. जानेवारीत संपणारा करार म्हणजे ऐन सुगीच्या तोंडावर घासाघीस, तेव्हा घरमालकाची बाजू जडच असणार. तोच करार ऑगस्टअखेर संपू द्या. पारा ११० फॅरनहाइटच्या वर, बाहेरून चिटपाखरू येत नाही, तेव्हा तोच घरमालक "राहताय ना?" म्हणून स्वतः फोन करतो. एकोणीस महिन्यांचा करार मागा. दोन स्प्रिंग ट्रेनिंग त्यात निघून जातील.

टूसॉनकर

मी दुसऱ्या टोकाचं सांगतो. आमच्या गावातून हे सगळं निघूनच गेलं.

टूसॉन म्हणजे कॅक्टस लीगचं जन्मगाव. १९४७ साली संघमालक बिल व्हीक यांनी क्लीव्हलँडचा संघ हाय कॉर्बेट फील्डवर आणला, त्याच वर्षी जायंट्स फिनिक्सला आले, आणि तिथून सुरुवात झाली. मी इथे आलो तेव्हा तीन संघ होते. २००८ नंतर व्हाइट सॉक्स ग्लेनडेलला गेले. मग फक्त दोन उरले, आणि बाकीचे संघ दोन तासांवर, फिनिक्सकडे. रोज बसने एवढं कोण जाईल? २०१० नंतर डायमंडबॅक्स आणि रॉकीजही फिनिक्सजवळच्या सॉल्ट रिव्हर फील्ड्सला गेले. पहिल्या रिकाम्या मार्चमध्ये मी हाय कॉर्बेटसमोरून सायकलने जायचो आणि गाड्यांच्या जागी नुसतं डांबर दिसायचं. ज्या न्याहारीच्या दुकानात मार्चमध्ये पाऊण तास थांबावं लागायचं, तिथे आत गेलं की लगेच टेबल.

पालोव्हर्डे, तुम्हाला वाटत असेल की संघ गेले तर घरं स्वस्त होतील. माझं भाडं एका डॉलरने उतरलं नाही. विद्यापीठ होतंच, हिवाळ्यात थंडीपासून पळून येणारे म्हातारे होतेच, फेब्रुवारीत रत्नांचं प्रदर्शन भरतं तेव्हा हॉटेलं तशीच तुडुंब. गेलं ते मार्चचं काम गेलं. माझ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर स्प्रिंग ट्रेनिंगला स्टेडियममध्ये उशा भाड्याने द्यायचे आणि त्या पैशात वर्षभराचा गाडीचा विमा भरायचे. ते पैसे कुठून आले नाहीत पुन्हा.

अजून एक. ज्या कोवळ्या पोराने तुमच्या लेकीला सही दिली, त्यालाही घराचा प्रश्न होता, निदान त्याच्या आधीच्या पोरांना तरी होता. २००९ च्या एप्रिलमध्ये माझ्याकडे तीन मुलं आली, मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवरची. मोठे खेळाडू मोसमासाठी निघून गेले, ही मागे ठेवलेली, अजून सरावासाठी. क्लबने हॉटेलचा खर्च बंद केला होता आणि राहायची सोय आपली आपण बघायची होती. माझी एक खोली रिकामी होती. तिघं जमिनीवर गाद्या टाकून झोपायचे. सकाळी भात आणि अंडी, रात्री भात आणि अंडी. एकाचे बूट दारात काढलेले असायचे, स्पाइक्समध्ये लाल माती अडकलेली, ती तो टूथब्रशने काढायचा. त्यांना सरावाच्या दिवसांचा पगारच नव्हता. मी भाडं घेतलं, कमी घेतलं, पण घेतलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे कोर्टात दावा चालला, २०२२ मध्ये लीगने १८५ दशलक्ष डॉलर देऊन तो मिटवला. त्याच मोसमापासून क्लबांनी मायनर लीगच्या मुलांना घरं द्यायला सुरुवात केली, आणि २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला.

घराचा आणि या खेळाचा संबंध इथे त्याहून जुना आहे. लॅरी डोबी हे अमेरिकन लीगमधले (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. १९४८ मध्ये ते संघाबरोबर टूसॉनला आले तेव्हा बाकी संघ सांता रीटा हॉटेलात उतरला, आणि डोबींना तिथे खोली नव्हती. गावातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाने त्यांना घरात ठेवून घेतलं. दिवसभर एकाच मैदानावर, आणि रात्री वेगळ्या रस्त्याने जायचं. मी हाय कॉर्बेटला गेलो की मला हटकून तेच आठवतं.

गल्फकाठची

फ्लोरिडातून लिहितेय, नॉर्थ पोर्ट. इथे तुमच्यासारख्या भाडेकरूंसाठी दोन शब्द रूढ आहेत, "ॲन्युअल" आणि "सीझनल". घर बघायला गेलं की पहिला प्रश्न तोच. सीझनल म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि त्या चार महिन्यांचं भाडं ऐकून ॲन्युअलवाल्याचे डोळे पांढरे होतात. तुमच्या घरमालकांनी जे फोनवर मागितलं ते इथे उघड जाहिरातीत असतं: मे ते डिसेंबर राहा आणि मग निघा. मी पहिली दोन वर्षं तशी काढली, दर डिसेंबरला खोकी. मुलगा लहान होता, त्याला वाटायचं की नाताळ म्हणजे घर बदलायचं.

आमच्याकडे स्टेडियम आणि घरं जोडीनेच आली. अटलांटा ब्रेव्हज २०१९ मध्ये इथे आले आणि त्यांचं कूलटुडे पार्क एका मोठ्या नव्या वसाहतीतच बांधलं. आधी कुरणं आणि पाइनची झाडं होती. आता मैदानाच्या भोवती घरंच घरं, आणि घर विकणारा पहिल्या पाच मिनिटांत स्टेडियमचं नाव घेतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळ आलं. शेजारच्या पोर्ट शार्लटला टँपा बे रेजचं मैदान इतकं खराब झालं की २०२३ च्या स्प्रिंग ट्रेनिंगची सुरुवात त्यांना ऑरलँडोजवळ डिस्नीच्या संकुलात करावी लागली. ते बातम्यांत खूप आलं. आमच्या इमारतीच्या छपराचे पत्रे मात्र पाच महिने निळ्या ताडपत्रीखाली होते. ज्यांची घरं गेली ते, छपरं बसवणारे कामगार, विम्याची पाहणी करणारे, सगळ्यांना एकाच वेळी भाड्याने घर हवं होतं, आणि त्यावर मार्चचे पाहुणे. माझ्या मैत्रिणीने सहा आठवडे मुलांना घेऊन बहिणीच्या हॉलमध्ये काढले. तिचं काम काय, तर स्टेडियमजवळच्या हॉटेलात खोल्या आवरायचं. रोज सोळा खोल्या स्वच्छ करून ती हॉलमध्ये झोपायला जायची.

तुम्ही वर म्हणालात की तुम्हाला मार्च आवडतो. मलाही आवडतो. म्हणूनच सांगते, खेळावर राग धरू नका, पण घर सोडूही नका. एकदा "दरवर्षी सहा आठवडे" मान्य केलं की पुढच्या वर्षी ते दहा होतात. माझे झाले होते.

पालोव्हर्डे

सगळ्यांचे मनापासून आभार. टूसॉनकर, डोबींचं मी लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "मग मॅच जिंकल्यावर त्यांनी सगळ्यांबरोबर जेवण केलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

जुना_वाळवंटी दादा, तुमचा हिशेब मी माझ्या आकड्यांनी वहीत पुन्हा मांडला. हे माझं रोजचंच काम, तरी स्वतःच्या घरासाठी सुचलं नव्हतं. रविवारी घरमालकांना भेटतोय. एक शंका: शाळेच्या हद्दीबाहेर जावं लागलं तर लेकीची शाळा सुटेल का?

जुना_वाळवंटी

नाही सुटणार, घाबरू नका. ॲरिझोनात हद्दीबाहेरच्या मुलांनाही जागा असेल तर सरकारी शाळा घेते. फक्त अर्ज वेळेत करा आणि शाळेत जाऊन विचारा. बस मिळेलच असं नाही, सोडायला जावं लागेल.

पालोव्हर्डे

दोन महिन्यांनी लिहितेय, कारण इथे अर्धवट सोडलेले धागे वाचून मी स्वतः चिडते.

त्या रविवारी घरमालक आमच्याकडे आले. मी चहा ठेवला आणि वही उघडली. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की त्यांना मार्चच्या पैशांची हाव नव्हती. जुलैत आमचा एसी बंद पडला होता, आठवतं का, म्हणजे तुम्हाला कसं आठवेल! त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवा बसवून दिला, आम्ही खूश. तो ११ हजार डॉलरला पडला आणि त्यांनी तो क्रेडिट कार्डवर घेतला होता. त्यांच्या पुतण्याने सांगितलं, स्लोन पार्कच्या इतक्या जवळ घर आहे, मार्चमध्ये सोनं पिकेल. पुतण्याने ६,००० चा आकडा सांगितला, खर्चाचा सांगितला नाही. परवाना, कर, सफाई, हे सगळं त्यांनी माझ्या वहीत पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी बायको असती तर तिने हे पहिल्याच दिवशी केलं असतं."

ठरलं ते असं. करार एकोणीस महिन्यांचा, पुढच्या वर्षी ३१ ऑगस्टला संपणारा. भाडं २,३४०, म्हणजे ९० ची वाढ. शिवाय पूल आता नवरा साफ करतो, त्यामुळे त्यांचे पूलवाल्याचे महिन्याला ११० वाचतात. आमच्यासाठी ९० डॉलर कमी नाहीत, लेकीचा पोहण्याचा क्लास थांबवलाय आणि ती घरच्याच पूलमध्ये बाबाकडून शिकते आहे. पण खोकी बांधावी लागली नाहीत. देवघर जिथे होतं तिथेच आहे.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. समोरचं, गल्लीतलं पाचवं घर, जानेवारीत आठवड्याच्या भाड्यावर गेलं. तिथे राहणारं जोडपं माझ्याच दवाखान्यात यायचं. त्यातली बायको म्हणाली की त्यांना एक महिन्याची नोटीस मिळाली, महिन्या-महिन्याचा करार होता. मी तिला वहीचं पान फोटो काढून पाठवलं, पण तोपर्यंत घरमालकाने पलंगसुद्धा विकत आणले होते. ते दोघं आता अपाचे जंक्शनला आहेत. आजींनी त्यांना निरोप देताना दारातल्या झाडाची दोन पिशव्या ग्रेपफ्रूट दिली आणि मग दिवसभर घराबाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर म्हणाल्या की २०१० मध्ये मत देताना कुणी हे विचारायला हवं होतं: येणारे लोक राहणार कुठे? आणि मी तरी का नाही विचारलं?

आता नगरपालिकेच्या सभेत परवान्यांचा विषय कधी येतो ते बघून आजी आणि मी जाणार आहोत. बंदी घालता येत नाही हे कळलंय. पण आमच्या गल्लीतल्या पाच घरांपैकी किती जणांकडे परवाना आहे, हे तरी विचारता येईल.

पिचर आणि कॅचर आलेत. शनिवारी सकाळी सरावाच्या मैदानावर जाणार आहोत, साडेनऊला. लेकीने तो चेंडू बरोबर घ्यायचं ठरवलंय, तो मुलगा यंदाही आलाय का ते तिला बघायचंय. मेसात किंवा जवळपास कुणी असेल तर या, कुंपणापाशी असू. मी थर्मास भरून चहा आणते.